गृहीतक सिद्ध होत नाही

आत्याच्या घरात पांढरं म्हणून काही पांढरं राहत नसे. सांगलीच्या मार्केट यार्डामागं तिची दीड खोली, आणि भिंतीला भिंत लावून हळदीला पॉलिश करायचा कारखाना. सकाळी भोंगा झाला की तिथले पत्र्याचे मोठे ड्रम फिरायला लागत. त्यांची घरघर दिवसभर कानात बसलेली असे, आणि बारीक पिवळी पूड छपराच्या फटींतून आमच्या घरात उतरत राही. हंड्यातल्या पाण्यावर पिवळं, उशीवर पिवळं, भाकरीच्या पिठात पिवळं. आत्या त्याच कारखान्यात हळद निवडायला जायची, त्यामुळं तिचे हात तर कोपरापर्यंत रंगलेले. "आपल्या घरात बारा म्हयनं हळद लागती," ती माझ्याकडं बघून म्हणायची, "नवरा तेवढा कुणी घिऊन येत न्हाई." माझी एम.ए.ची वर्षं या घरात गेली. पुस्तकांच्या पानांना आजही बोट लावलं तर मला तो वास येतो, म्हणजे मला तसं वाटतं. घरच्यांना येत नाही.

आम्ही मूळचे माणदेशातले. दहिवडीच्या पुढं आमची वाडी. दिवाळी झाली की दादा, म्हणजे माझे वडील, आई आणि धाकटा भाऊ बिरू मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरत ते पावसाच्या तोंडाला परत येत. आजी होती तोवर मी तिच्यापाशी वाडीत राहून चौथी केली, मग आत्यानं मला सांगलीला उचलून आणलं, म्हणून मी शिकले. बिरू मेंढरांमागं गेला, म्हणून त्याचं राहिलं. आत्या विधवा, मूलबाळ नाही, आणि तोंड असं की हमालसुद्धा तिच्या वाटेतून बाजूला होत. संध्याकाळी घरी आली की हात घासत बसायची, रंग काही जायचा नाही, मग तशाच हातांनी हुलग्याचं माडगं ढवळायची. गूळ घातलेलं गरम माडगं, वर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर शिळी भाकरी. शेजारच्या सांगलीकर बायका विचारायच्या, हे काय पिता हो तुम्ही? आत्या म्हणायची, "आमचं टॉनिक हाय. तुमास्नी पचायचं न्हाई."

एका संध्याकाळी मी दारात बसून लिहीत होते, तर तिनं विचारलं, काय चाललंय. म्हटलं, शोधनिबंध. ती एकदम उठून उभी राहिली. "शोध? काय हरवलं गं?" मी हसले, पण तिला नीट सांगता मला आलं नाही. आमच्या कॉलेजात चर्चासत्र होतं, बाहेरगावचे प्राध्यापक येणार होते, आणि समाजशास्त्राच्या आमच्या सरांनी विद्यार्थ्यांमधून मला एकटीला निवडलं होतं. विषय त्यांनीच दिला: मेंढपाळ कुटुंबांतील शाळागळती. "तू त्यांच्यातलीच आहेस, तुझ्याशी मोकळं बोलतील," ते म्हणाले. गृहीतकही त्यांनीच दिलं, आणि ते पत्रिकेवर छापूनसुद्धा झालं होतं. पालकांची शिक्षणविषयक अनास्था हे शाळागळतीचे प्रमुख कारण होय. "एवढं सिद्ध करून दे. वाचन चांगलं झालं तर जूनपासून तुला तासिकेवर घेतो." तासिकेवर का होईना, कॉलेजात शिकवायला! आमच्या वाडीत तोवर कुणी कॉलेजचं फाटक आतून बघितलेलं नव्हतं. मी घरी जाताना रस्त्यातून चालत होते की उडत होते, मला ठाऊक नाही.

शोधनिबंध कसा लिहायचा हे सरांनी मला फार मन लावून शिकवलं, ते मी नाकारणार नाही. आधी प्रस्तावना, मग उद्दिष्टं, मग गृहीतक, मग पद्धती, मग निष्कर्ष. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव द्यायचं. विशेषणं कमी. एका परिच्छेदात एकच मुद्दा. हे सगळं मी पुढं जन्मभर वापरलं आणि पोरांनाही शिकवलं. पण त्यांचा एक नियम मला तेव्हाही टोचला. "शोधनिबंध म्हणजे गप्पा नव्हेत. त्यात 'मी' येता कामा नये. 'संशोधक' लिहायचं." त्यामुळं 'मी उंब्रजला गेले' याचं 'संशोधक उंब्रज येथे गेला' असं झालं. आत्याला वाचून दाखवलं तर तिनं डोळे बारीक केले. "आन् ह्यो बाबा कोण तुझ्यासंगं गेल्याला? मला कसं म्हाईत न्हाई?"

उंब्रजला मी गेले होते ती संक्रांतीच्या आसपास. ऊस तुटून गेलेल्या एका रानात आमची मेंढरं बसवली होती. मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं खत होतं, म्हणून मालक धान्य देतो आणि चार दिवस राहू देतो. दिवस कलायला आलेला, कोकरं आयांना शोधत ओरडत होती, कुत्री उगाच भुंकत होती, आणि आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती. भाकरीवर तिनं ताज्या दुधाची धार धरली आणि म्हणाली, आधी खा, मग काय इचारायचं ते इचार. खाऊन झाल्यावर मी सरांची प्रश्नावली काढली आणि अगदी कॉलेजच्या आवाजात दादांना पहिला प्रश्न वाचून दाखवला. आपणांस पाल्याच्या शिक्षणाविषयी आस्था आहे काय?

दादांनी पटका मागं सारला. "पाल्याच्या? कुठल्या झाडाच्या?"

मला कळेना ते काय विचारतायत.

"पाला हाय की. बाभळीचा हाय, लिंबाचा हाय, वरच्या अंगाला पिपरीचा बी हाय. पर त्याला शिक्षण कशाला लागतंय? शेरडं तशीच खात्यात."

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. बिरू तर रानात लोळला. मीही इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. सरांच्या भाषेत पाल्य म्हणजे पोर, दादांच्या भाषेत पाला म्हणजे चारा, आणि दोन्ही 'पाल्याच्या' या एकाच वळणाला येऊन बसलेले. मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि आपल्या बोलीत विचारलं. दादा, सर म्हणतात की मेंढपाळांची पोरं शाळेतनं गळतात, कारण आईबापांना त्याचं काही पडलेलं नसतं. खरं हाय का?

दादांचं हसू गेलं. ते काठीनं माती उकरायला लागले. मग म्हणाले, "बिरू दुसरीत हुता तवा त्याला हितल्या शाळंत मी धरून न्हेला. मास्तर म्हणलं, दाखला आना. मी मेंढरं पावण्याच्या गळ्यात घातली आन् यष्टीनं वाडीला गेलो. तितलं मास्तर म्हणलं, पोरगं लय दिस गैरहजर हाय, नाव कमी केलंय, आदी पोरगं हजर करा. आता पोरगं उंब्रजात, मी वाडीत. माघारी आलो तर मालकानं रान मोकळं करायला लावल्यालं. आमी फुडच्या गावाला. तितं पुन्यांदा दाखला. दर वर्साला ह्येच. मग बिरूच म्हणला, ऱ्हाऊ द्या दादा. तुझ्या सरास्नी काय लिवायचं ते लिवू दे. पर तू माझ्या नावावर खोटं लिवू नगंस, पोरी."

बिरू एव्हाना मिसरूड फुटलेला गडी होता. तो दुसरीकडं तोंड करून कुत्र्याच्या कानातली गोचीड काढत बसला. त्याची दुसरीची पाटी आमच्या वाडीच्या घरात अजून खुंटीला होती. मला त्या क्षणी कुणाचा राग आला, दोन्ही मास्तरांचा की सरांचा की त्या छापील पत्रिकेचा, ते सांगता येणार नाही. पण आला, आणि तो अजून उतरलेला नाही. पुढच्या दिवसांत मी जिथं जिथं तळ पडला होता तिथं फिरले. कुणी मासूर्ण्याच्या बाजूला, कुणी कराडच्या अलीकडं. माणसं वेगळी, मेंढरं वेगळी, कहाणी तीच. मेंढरं हलतात, त्यांच्यामागं माणसं हलतात, शाळा तेवढी जागची हलत नाही. दोन घरं अशीही भेटली जिथं बापाला खरंच काही पडलेलं नव्हतं. तेही मी लिहिलं. लपवलं काही नाही.

सरांनी निबंध वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे काय आहे?"

"निष्कर्ष, सर."

"'गृहीतक सिद्ध होत नाही.' हा निष्कर्ष? अगं, असा शोधनिबंध तू कधी वाचलायस का? ज्यात गृहीतक सिद्ध झालं नाही?"

"नाही."

"मग?"

"म्हणजे आतापर्यंत सगळ्यांना आधीपासूनच सगळं ठाऊक होतं. मग शोधलं काय, सर?"

बोलून गेले आणि माझी मलाच भीती वाटली. सर मात्र चिडले नाहीत, उलट आवाज मऊ केला, आणि तो मऊ आवाज मला जास्त टोचला. वडील म्हणजे नमुना नव्हे, म्हणाले. म्हटलं, एकटे वडील नाहीत, सगळे तळ आहेत, दाखल्याची हकिगत प्रत्येकाची आहे. पत्रिका छापली आहे, म्हणाले. म्हटलं, पत्रिका चुकली असेल. मग त्यांनी पेन उघडलं आणि माझ्या वाक्यातलं 'नाही' खोडलं, 'होत'ला मात्रा दिली आणि मध्ये स्वतःच्या सुंदर अक्षरात एक शब्द घातला. गृहीतक अंशतः सिद्ध होते. "घे. तुझंही राहिलं, माझंही राहिलं. एका शब्दासाठी जूनमधली नोकरी घालवू नकोस."

खरं सांगते, मी तो कागद घेऊन घरी आले तेव्हा माझं मन डळमळलं होतं. अंशतः! किती सोयीचा शब्द आहे. भाजी अंशतः नासली, माणूस अंशतः खरं बोलला. आत्या चुलीपुढं होती. तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "अंशतः म्हंजी?" म्हटलं, थोडं थोडं.

"म्हंजी तुझा बाप थोडा थोडा बेपर्वा हाय, आसं लिवायचं?"

"तसंच."

"आन् त्यो यष्टीनं गेला, त्यो थोडा थोडा गेला व्हता व्हय गं? का सगळाच गेला व्हता?"

मी तो शब्द खोडला, मात्राही खोडली आणि 'नाही' परत लिहिलं. आत्यानं माडग्यात गूळ जास्त घातला त्या दिवशी, आणि वर म्हणाली की नोकरीचं काय, हळद निवडायला बाया कमीच पडत्यात. मला हसू आलं, पण नोकरी मला हवी होती. फार हवी होती.

टंकलेखनाला मी नानांकडं गेले. कॉलेजरोडवर त्यांची टायपिंगची संस्था, आणि सांगलीतले सगळे प्रबंध त्यांच्याच बोटांखालून जात. खटखट खटखट करत त्यांनी शेवटचं पान मशीनमधून ओढलं आणि मी वाचलं तर गृहीतक सिद्ध होते! मी ओरडलेच. नानांनी हस्तलिखित बघितलं, पान बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "अहो ताई, माझा दोष नाही. इथवर आलं की मी कागदाकडं बघतच नाही. बोटं आपोआप जातात. आजवर कुणाचं झालं नाही असं झालंच नाही." मग दबक्या आवाजात, "सरांना दाखवलंय ना?" म्हटलं, दाखवलंय, तुम्ही मात्रा खोडा. 'होते'वरची मात्रा फुल्या मारून झाकायची आणि पुढं 'नाही' बसवायचं, तेही प्रत्येक कार्बन प्रतीवर. नानांनी बसवलं. कागदाच्या अगदी कडेला, दाटीवाटीनं, पण बसवलं. त्यातली एक प्रत मी सरांच्या टेबलावर ठेवून आले.

पुढं आयुष्यभर मी शोधनिबंध तपासले, म्हणून छातीठोकपणे सांगते, आपल्या मुलखात गृहीतक कधी पडत नाही. निवडणुकीला उभा राहिलेला पडतो, परीक्षेला बसलेलं पोर पडतं, गृहीतक मात्र दर खेपेला निवडून येतं, तेही बिनविरोध. परवा नातवानं मोबाइलला विषय सांगितला, तर चहाला आधण यायच्या आत मोबाइलनंच अख्खा निबंध लिहून दिला. शेवट काय? गृहीतक सिद्ध होते. म्हटलं, वा रे गड्या, ह्यालाही आमच्या सरांनीच शिकवलेलं दिसतंय!

चर्चासत्राच्या दिवशी मी आत्याची इरकल नेसून गेले. अध्यक्षस्थानी सरच होते, पुढ्यात टेबलावरची घंटी. मी वाचायला लागले तेव्हा मागच्या रांगांत जेवणाच्या कुपनांची कुजबुज चालली होती. दाखल्याची हकिगत आली तशी ती थांबली. आणि मी 'निष्कर्ष' असं म्हणायला आणि सरांनी घंटी वाजवायला एकच गाठ पडली. "वेळ संपली. पुढील वक्ते." माझ्या आधीच्या गृहस्थांनी घंटीनंतरही पान उलटून पान वाचलं होतं, तेव्हा सर मान डोलवत होते. मी म्हटलं, "सर, एकच वाक्य उरलंय." त्यांनी पुन्हा घंटी दाबली. मग मी कागद खाली ठेवला, कारण ते वाक्य वाचायला मला कागद लागत नव्हता, आणि वाजत्या घंटीवर आवाज चढवून म्हणाले, "पालकांची अनास्था हे प्रमुख कारण आहे, हे गृहीतक सिद्ध होत नाही. मुलं गळत नाहीत. त्यांचं नाव कमी केलं जातं." रानात मेंढरांमागं हाळी घालणाऱ्याची लेक मी, माझा आवाज घंटीला ऐकतोय होय! शेवटच्या रांगेपर्यंत गेला. टाळ्या फार पडल्या नाहीत. साताऱ्याहून आलेल्या एक वयस्कर बाई तेवढ्या चहाच्या वेळी शोधत आल्या, माझा हात धरला आणि निबंध छापून आला की मला पाठव म्हणाल्या. सर समारोपात म्हणाले, विद्यार्थिनी भावनाप्रधान आहे.

उन्हाळ्यात पुस्तक छापून आलं. चर्चासत्रातले निबंध, वर सर संपादक. गठ्ठे विभागात येऊन पडले, आणि प्रत्येक कॉलेजच्या ग्रंथालयाला पाठवायचे म्हणून पाकिटांवर पत्ते लिहायचं काम रीतीप्रमाणे विद्यार्थ्यांकडं आलं. अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडं. मी आधी माझं पान उघडलं. गृहीतक सिद्ध होते. मात्रा जागेवर परत बसलेली, 'नाही' गायब, आणि त्याखालचं नाव कमी करण्याबद्दलचं वाक्यही गेलेलं. वर माझं नाव. माझ्या नावानं, माझ्या बापाविरुद्ध, खोटी साक्ष.

मी सरांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, मुद्रणदोष. म्हटलं, मग शुद्धिपत्र लावा. म्हणाले, एका मात्रेसाठी शुद्धिपत्र? आधीच पुस्तकाला उशीर झालाय. तू पत्ते लिही, जूनचं बघू आपण.

जूनचं बघू! मी घरी येऊन आधी रडले आणि मग ताठ बसले. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, अमावास्येला मार्केट बंद, म्हणून आत्या घरीच होती. म्हणाली, चल, मी येते. लिवता येत न्हाई, पर पान काढून द्यायला काय शाळा लागती? विभागात आम्ही दोघी जमिनीवर बसलो. माझं पान कुठलं, हे मी तिला एकदा दाखवलं. ती प्रत उघडायची, अंगठ्यानं दाबून धरायची, मी मात्रा खोडायची आणि पुढं लिहायची, नाही. मग खाली समासात ते गेलेलं वाक्य. दुसरी प्रत. तिसरी. तिच्या अंगठ्याचे पिवळे डाग पानांवर उमटत होते, उमटू देत. माझ्या बोटांना शाई लागली होती. एवढं सुख मला आयुष्यात पुन्हा क्वचित लाभलं, हे मी लिहून ठेवते. पुढं त्या कॉलेजात मला तास मिळाले नाहीत, कधीच नाहीत. दुसरीकडं मिळाले, उशिरा मिळाले, आणि निवृत्तीपर्यंत मी ताठ मानेनं शिकवलं.

दुपारी दारात चपलांचा आवाज आला. सर. त्यांनी एक प्रत उचलली, पान बघितलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "हे काय चाललंय?"

"शुद्धिपत्र," मी म्हणाले. हात थांबवला नाही.

"ही बाई कोण?"

"आवं, मी तिची आत्या."

"बाई, तुमच्या पोरीला समजवा. अशानं तिला कुठल्याही कॉलेजात कुणी उभं करणार नाही."

आत्यानं मान वर केली, त्यांच्याकडं नीट बघितलं. "उभं कशाला करतासा, सर? ती बसल्याली हाय न्हवं. बसूनच लिवती." आणि पुढची प्रत उघडून माझ्यापुढं सरकवली.